हेडलीचं वारायंत्र

हेडली बफेटला स्कॉली कोव्हमध्ये सगळे भोपळामास्तर म्हणत. हे नाव ठेवलं होतं त्याच्याच जावयाने.

न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची ही खाडी तिन्ही बाजूंनी कड्यांच्या कुशीत आहे. आत पान हलत नसतं तेव्हा बाहेर समुद्र खवळलेला असू शकतो. म्हणून निवृत्त झाल्यावर हेडलीने टेकडीवर खांब रोवून त्यावर तीन वाट्यांचं वारायंत्र बसवलं. वाट्या फिरायच्या आणि वाऱ्याचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये, स्वयंपाकघरात ठेवलेल्या यंत्राच्या पडद्यावर उमटायचा. हिवाळ्यात टर या समुद्रपक्ष्यांच्या शिकारीला होडीने निघणारे लोक आधी त्याला आकडा विचारत. आयुष्यभर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे म्हातारा भलताच फुशारला होता.

गेल्या हिवाळ्यात पडताक्षणी गोठणारा पाऊस झाला आणि पडद्यावर भोपळा आला. "वाट्या बर्फाने जखडल्यात, कुणी जाऊ नका!" हेडलीने घरोघर फोन केले. सगळे चूल धरून बसले. समुद्र मात्र खरोखरच बशीतल्या दुधासारखा निवांत होता, आणि शिकार शेजारच्या गावाने मारून नेली. तेव्हापासून तो भोपळामास्तर.

उन्हाळाभर तो लेस्टरच्या, म्हणजे जावयाच्या, मागे लागला होता. खांबापर्यंत वायर ओढून दे, वाट्यांना ऊब देणारा हीटर बसवतो. लेस्टरला हसण्याचा रोगच होता. "सासरेबुवा, आधी स्वतःच्या डोक्याला ऊब द्या. तुमच्या खेळण्याला कसली आलीय थंडी?" वायर त्याच्याच शेडमध्ये गुंडाळलेली पडून राहिली.

यंदा जानेवारीत पुन्हा तसाच पाऊस झाला. सकाळी लेस्टर रबरी बूट चढवूनच आला. मागे त्याची बायको, हेडलीची एकुलती लेक वर्ना.

"काय मास्तर, फुटला का भोपळा आज?"

पडद्यावर अठरा होते. भोपळा असता तर वाट्या गोठल्याचा संशय कुणालाही आला असता. पण बर्फाने जडावलेल्या वाट्या कधीकधी थांबत नाहीत, नुसत्या रखडतात, हे हेडलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. थांब, वर जाऊन बघून येतो, एवढंच म्हणायचं होतं. पण लेस्टरच्या ओठांवर हसू तयारच होतं, आणि म्हाताऱ्याला अब्रू प्यारी.

"अठरा," तो म्हणाला. "जा खुशाल."

दुपारी होडी पालथी सापडली. लेस्टर सापडला नाही.

वर्ना बापाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. शेजारणींनी चहा केला, तो तिने घेतला नाही. दिवस कलताना जरा ऊन पडलं आणि टेकडीवर वाट्यांचा बर्फ गळू लागला. पडद्यावर अठराचे सत्तावीस झाले, मग पंचेचाळीस, मग बहात्तर. हेडली पडदा भिंतीकडे फिरवायला उठला. वर्नाने त्याचा हात धरला.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "आत्ता कुठे खरं बोलायला लागलंय."