निसटलेली हातोडी

उस्ताद मंचावर बसले आणि वाजवण्याआधी त्यांनी तबल्याच्या कडेवर हातोडी मारली. ठक्! शेजारच्या दिलीपने मांडीवरचा हात झटकन मागे घेतला.

ज्यांच्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्या, त्यांना ऐकायला आम्ही तिघे मित्र तीस वर्षांनी एकत्र आलो होतो.

"म्हातारे झाले रे," विनू म्हणाला.

"तू काय कोवळा राहिलायस?" दिलीप हसला.

एकदा याच उस्तादांसमोर आमच्या तबल्याच्या क्लासमधल्या एकाला वाजवायचं होतं. गुरुजींनी दिलीपला निवडलं. आदल्या दिवशी त्याने तबला धरला होता, मी हातोडीने सूर मिळवत होतो. हातोडी त्याच्या बोटावर बसली. "निसटली," मी म्हणालो, आणि सगळ्यांनी ते मानलं. ती निसटली नव्हती. मी नेम धरून मारली होती. हाड मोडल्याचा आवाज मला तेव्हा आवडलाही होता. दुसऱ्या दिवशी मी वाजवलं.

आता मंचावरची एकेक थाप माझ्या कानशिलात बसत होती. थाप आणि घाव एकाच मनगटातून निघतात, हे मला फार लवकर कळलं होतं. दिलीप मांडीवर ताल धरत होता. ते बोट तेवढं वर ताठ.

"दिल्या, ती हातोडी निसटली नव्हती."

त्याचा हात थांबला. मग समेवर त्याने माझ्या मांडीवर सगळा जोर लावून थाप मारली.

घरी येऊन पाहिलं. वळ तीनच बोटांचे होते.