मानमोडी, निळ्या रिंगा आणि जनूकाकांचा बोर्ड

मंगळवारी सकाळी विरारजवळच्या चांदीपला, आमच्या पोल्ट्रीच्या फाटकात, मी एका माणसावर इतकी ओरडले की घसा बसला. आज चौथा दिवस... आवाज अजून आलेला नाही, राग मात्र तसाच आहे.

आमच्या चारशे कोंबड्या अंड्यावर आहेत. विरारमधले तुमच्यापैकी कितीतरी जण आमचीच अंडी खाता. अंडी द्यायच्या थांबलेल्या कोंबड्या एक व्यापारी घेऊन जातो, त्या दिवशी तोच टेम्पो घेऊन आला होता.

टेम्पोत दोन पिंजरे आधीच भरलेले. एका कोंबडीची मान पार पाठीकडे वळलेली, दुसरी चोच उघडून श्वास ओढत होती... खाली सगळी हिरवी घाण. मानमोडी! राणीखेत म्हणतात तोच कोंबड्यांचा साथीचा रोग. आणि हा माणूस तेच पिंजरे, त्याच चपला घेऊन माझ्या शेडमध्ये शिरणार होता.

"गरमीनं होतं ताई असं," तो हसत म्हणाला.

गरमीने मान पिरगळते? मी फाटकाला कुलूपच घातलं. "एवढा माज बरा नाही," असं ऐकवून तो गेला.

पण पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या पायांत निळ्या रिंगा होत्या, आणि त्या आमच्या शेजारच्या जनूकाकांच्या. एकट्या माणसाने सत्तर कोंबड्यांवर घर चालवलंय. मी तरातरा गेले, पण कुंपणाबाहेरच थांबले.

"काका, कधीपासून मरतायत?"

ते मान वर करेनात. "चार दिवस झाले गं... कोनाला सांगू? मग माझी अंडी कोन घेनार?"

खाद्याच्या दुकानात त्यांनी विचारलं होतं म्हणे. तिथल्याने 'सर्दी आहे' म्हणून पाण्यात घालायची पावडर दिली. मी पाकीट वाचलं... अँटिबायोटिक! विषाणूच्या रोगावर! वर हाच दुकानदार त्यांना सांगून बसलेला, की लस पिल्लांना एकदा दिली की झालं, पुन्हा द्यायची गरज नाही. आजारी कोंबड्या तेवढ्या व्यापाऱ्याला देऊन टाका, हा सल्लाही त्याचाच.

मला सांगा, काकांवर किती चिडायचं? भांडायला गेले होते, पण कुंपणाशी उभी राहूनच फोन काढला.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना लावला. त्या दुपारीच आल्या, नमुने घेतले, लक्षणं मानमोडीचीच म्हणाल्या. यावर औषध नाही... लस वेळच्या वेळी द्यायची, आजारी पक्षी वेगळे ठेवायचे, मेलेले खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. आमच्या कोंबड्यांना त्यांच्या सांगण्यावरून लगेच पुन्हा लस दिली. काकांनी अंधार पडेपर्यंत एकट्याने खड्डा खणला. डॉक्टरांनी मला तिकडे जायला सक्त मनाई केली होती, त्यामुळे मी लांबूनच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर आवाज ऐकून बाहेर आले. तोच टेम्पो पुढच्या पाड्याकडे कोंबड्या घ्यायला निघाला होता आणि काका त्याच्यासमोर आडवे उभे होते. शेजारी प्लायवूडच्या तुकड्यावर चुन्याने लिहिलेलं... 'माझ्या कोंबड्यांना मानमोडी झाली आहे. आत येऊ नये.' खाली स्वतःचं पूर्ण नाव!

व्यापारी म्हणाला, "म्हातारबा, तुमचीच बदनामी होईल."

"होऊ दे. पन हा टेम्पो पुढं जानार नाय."

पाड्यावर घरटी पाच-दहा कोंबड्या आहेत, कुणी लस दिलेली नाही. टेम्पो मागे वळला.

काकांकडे आता अकराच कोंबड्या उरल्यात. आमच्याकडे अजून एकही आजारी नाही, तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत आमची अंडी विरारला येणार नाहीत, तेवढं समजून घ्या. त्या दुकानदाराची लेखी तक्रार मी करणार आहे, घसा बसला तरी हात चालतोय!

आणि काका, तुम्ही फेसबुकवर नाही, पण तरी लिहिते... स्वतःचं सगळं जात असताना तुम्ही दुसऱ्यांच्या कोंबड्यांसाठी रस्त्यात उभे राहिलात. पुढच्या वर्षी पिल्लं भरताना लस माझ्याकडून, आणि पहिलं गिऱ्हाईकही मीच.