वाटी रिकामी द्यायची नसते

आमच्या गावातलं एकुलतं एक किराणा दुकान बंद झालं, तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. मी धुळ्याला देवपुरात राहते. चपला न घालता जाता येईल अशी तीन दुकानं माझ्या घराच्या आसपास आहेत, आणि चौथा दुकानदार फोन केला की घरी सामान पाठवतो. गावातला दुकानदार म्हातारा झाला होता, मुलाकडे सुरतेला निघून गेला. तसाही त्याच्याकडच्या शेंगदाण्यांना कायम खवट वास यायचा. आबांनी फोनवर बातमी सांगितली तेव्हा मी म्हटलं, "बरं झालं, गेली एकदाची ब्याद." हे वाक्य पुढे दोन वर्षं मला पुरलं.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून गावात एकटे राहतात. आईच्या शेवटच्या आजारपणात ते स्वयंपाक शिकले, आणि भाकरी सोडली तर सगळं नीट करतात. भाकरी मात्र गोल होत नाही, तिचा नकाशा होतो. देवपूरला चला म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, "तठे मी काय करू?" मीही फार ओढून धरत नव्हते. रोज फोन करायचा, काय जेवलात विचारायचं, ते म्हणणार खिचडी, आणि मी समाधानानं फोन ठेवणार, असं चाललं होतं.

मग दोन वर्षांनी भाऊबीजेला आबा आमच्याकडे आले आणि मी दार उघडून बघतच राहिले. सदरा त्यांनी घातला नव्हता, त्यांच्यावर टांगला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. साखर नाही, रक्तदाब नाही, पोटात काही नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे खातात काय?" अंगात रक्त कमी होतं, डाळ, कडधान्य, भाजी पोटात जातच नव्हती. दोन महिन्यांत फरक पडला नाही तर यांना एकटं ठेवू नका, असं त्यांनी बजावलं. मी भर दवाखान्यात आबांवर चिडले. ते भिंतीवरचं दातांचं चित्र बघत बसले.

त्यांना सोडायला गेले तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्या स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले. रेशनचे तांदूळ, रेशनचे गहू, तळाशी हळद आणि बिस्किटांचे पुडे. डाळीच्या डब्यात डाळीचा वास तेवढा शिल्लक होता. म्हणजे इतके दिवस खिचडी म्हणून मी जे ऐकत होते तो पिवळा भात होता. गावात दुसरं मिळणार तरी काय? स्टँडवरच्या टपरीवर तंबाखूच्या पुड्या मिळतात, वेफर्सची पाकिटं मिळतात, रंगीत पाण्याच्या बाटल्या मिळतात. चारी बाजूंना शेतं आहेत, पण नजर जाईल तिथवर कापूस. आमचं शेतसुद्धा बटाईनं दिलेलं, त्यातही कापूसच. खेड्यात राहून मेथीची जुडी बघायची तर सात किलोमीटरवरच्या गुरुवारच्या बाजाराला जायचं. तिकडची बस एकच, ती सकाळी जाते आणि परत कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. आबांच्या गुडघ्याला ते झेपत नाही. गल्लीतली पोरं मोटारसायकलवर बाजाराला जातात, त्यांना सांगायचं ना? तर म्हणे, लोकांच्या गाडीवर आपली पिशवी कशाला?

मी रागानंच परत गेले आणि पुढच्या रविवारी भाड्याची रिक्षा करून सामान घेऊन आले. तूर, मूग, मसूर, मटकी, साखर, गूळ, शेंगदाणे, तेलाचा डबा, पोहे, रवा. दोन महिन्यांचं सामान होतं. डबे भरले, चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि विजयी मुद्रेनं घरी परतले. नवऱ्याला म्हटलं, तुमच्या कुणाच्याच डोक्यात हे आधी आलं नाही.

बाराव्या दिवशी गेले तर डबे निम्म्याहून जास्त रिकामे. साखर संपलेली, गूळ संपलेला, शेंगदाण्यांच्या डब्यात मूठभर फोलपटं. चोरी झाली का विचारलं. आबा शांतपणे म्हणाले, "वाटं ना मी." वाटून टाकलं! कोणाला? तर गल्लीत. मी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी दोन महिने दिले होते आणि हे गृहस्थ दानशूर होऊन बसले होते. मी नको नको ते बोलले. तुम्हाला मरायचंच आहे का, इथपर्यंत बोलले. त्यावर ते एवढंच म्हणाले, "इतलं मी एकलाच खाऊ का?"

मी तावातावानं शेजारच्या अक्कांकडे गेले. अक्का आईच्या मैत्रीण, आबांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, आणि गल्लीत कोणालाही न घाबरणाऱ्या. माझा इरादा सरळ होता, निदान डाळ तरी परत मागायची. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "तुना बाप दोन वरीसपाईन मना घरनी वाटी परत धाडे. 'जेवण व्हयनं' म्हने. आबास्ले रिकामी वाटी देवानी लाज वाटे."

मला क्षणभर कळलंच नाही. आणि मग असं कळलं की पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही.

आमच्याकडे कोणी भाजीची वाटी पाठवली, तर ती धुऊन रिकामी परत द्यायची नसते. काहीतरी घालूनच द्यायची. भाजी नसली तर चमचाभर साखर, गुळाचा खडा, मूठभर दाणे. आईच्या हयातीत आमच्या घरातून दिवसाला चार वाट्या येत-जात असायच्या. लहानपणी ती ने-आण मीच केली आहे, आणि वाटेत साखर खाऊन मारही खाल्ला आहे. आई गेली, तरी दुकान होतं तोवर आबा जाऊन पावशेर साखर आणायचे आणि वाट्या परत करायचे. दुकान गेलं आणि त्यांच्याकडे वाटीत घालायला काही उरलं नाही. रेशनचा तांदूळ घालायचा? तो तर सगळ्यांच्याच घरी. म्हणून मग वाटी घेणंच त्यांनी बंद केलं. गल्लीत चुली पेटत होत्या, ताटं वाढली जात होती, आणि माझे वडील भिंतीपलीकडे 'जेवण झालं' म्हणून पिवळा भात खात होते. खवट दाण्यांच्या त्या दुकानानं आमच्या घराची लाज राखली होती, आणि मी त्याला ब्याद म्हटलं होतं.

"आते कशी परत धाडतीन वाटी?" अक्का हसत विचारत होत्या. "बठ्ठास्ना घरे दिन्हं त्यास्नी. आते आम्हीन काय सोडतस का?"

आबांनी आधीच सगळ्यांच्या घरी दिलं होतं, आता कोणाची वाटी परत पाठवायला त्यांना तोंड नव्हतं. आणि खरंच, मी घरी परतले तेव्हा ओट्यावर तीन वाट्या झाकून ठेवलेल्या होत्या. मघाशी रागाच्या भरात मला त्या दिसल्याच नव्हत्या. एकीत मटकीची उसळ, एकीत गिलक्याची भाजी, एकीत उडदाची डाळ. आबांनी मान वर न करता विचारलं, "जेवशी का?" मी जेवले. माफी मागावी असं फार वाटत होतं, पण घास तोंडात होता, आणि आमच्यात तशी पद्धतही नाही.

अर्थात वाट्यांवर जग चालत नाही. अक्कांच्या घरीही डाळ बाजारातूनच येते, आणि मुलगा कामात असला की तीही येत नाही. म्हणून बाजाराच्या गावातल्या एका किराणावाल्याकडे मी जाऊन बसले. एका घरासाठी गाडी पाठवणं परवडत नाही, हे त्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं. पूर्ण गल्लीची एक यादी दिली तर? तो विचार करतो म्हणाला. मी त्याचा विचार होईपर्यंत तिथून उठले नाही, गिऱ्हाइकांना जागा लागत होती तरी. शेवटी दर मंगळवारी टेम्पो पाठवायचं कबूल झालं. यादी अक्कांची सून करते, फोनवर. भाजीसुद्धा येते. पहिल्या मंगळवारी नऊ घरांनी मिळून इतकी साखर मागवली की किराणावाल्यानं मला फोन करून विचारलं, गावात लग्न आहे का?

दोन महिन्यांनी आबांना परत डॉक्टरांकडे नेलं. मी रात्रभर देव आठवले होते, जे एरवी मला फक्त वीज गेली की आठवतात. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "छान. जे चाललंय तेच चालू द्या." मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला रडूच फुटलं. आबा घाबरले, त्यांना वाटलं काहीतरी वाईट निघालं. त्यांना समजावण्यात पाच मिनिटं गेली. इतकं हलकं मला आई गेल्यानंतर एकदाही वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी गावी गेले ती काही न घेता. बटाटे नाहीत, डबे नाहीत, औषधंही त्यांच्याकडे होती. दुपारी खाटेवर पडले आणि चक्क झोपले. उठवलं ते आबांनीच, धुळ्याची बस येईल म्हणून. स्टँडवर ते माझ्याबरोबर आले आणि बस दिसल्यावर कापडी पिशवी माझ्या हातात कोंबली. मी उघडून पाहिलं. किलोभर तुरीची डाळ आणि दोन गिलकी.

"लई जाय," ते म्हणाले. "आपला घरनी डाय शे."

घरची कसली, मंगळवारच्या टेम्पोतली होती. माझ्या घराखाली हीच डाळ मिळते, निवडलेली. अलीकडे मी या घरी ओझी घेऊन येत होते, आणि आई गेल्यापासून हात हलवत परत जात होते. माहेर संपलं असं मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात तेच धरून होते. बस थांबली. मी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले, आणि धुळं येईपर्यंत ती खाली ठेवली नाही.