तोंडावर कौतुक करायचा गृहपाठ

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी साठत जातात. लोकांनी विसरलेल्या छत्र्या आणि किस्से. छत्र्या लोक दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जातात. किस्से मात्र कुणी परत मागायला येत नाही, ते माझ्याकडेच पडून राहतात! त्यातून आमचा क्लास साताऱ्यात, पोवई नाक्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. तिथे येणारी माणसं अशी, की मी फळ्याकडे तोंड करून दोन ओळी लिहीपर्यंत मागे काहीतरी घडलेलं असतं.

आता सांगते ते सगळे किस्से गेल्या पावसाळ्यातल्या बॅचचे, आणि एकाच धड्याचे. धडा होता, एखादी गोष्ट किंवा माणूस फार आवडला तर इंग्रजीत ते कसं सांगायचं. साधा धडा, एका तासात संपेल असं मला वाटलं होतं!

*

मी फळ्यावर वाक्यं लिहिली आणि एकेकाचा अर्थ सांगत गेले. 'माय जॉ ड्रॉप्ड', म्हणजे जबडाच खाली पडला. 'यू ब्ल्यू माय माइंड', म्हणजे डोकंच उडवलंस. 'इट टुक माय ब्रेथ अवे', श्वास गेला. 'शी स्वेप्ट मी ऑफ माय फीट', तिनं मला पायांवरून उचलून आडवं केलं.

संपत हळूच उठला. संपत महाबळेश्वरला टूरिस्ट गाडी चालवतो, बोलणं मोजकं.

"मॅडम, ह्ये कौतुक हाय का ॲक्सिडेंट?"

मी समजावलं, की इंग्रजी बोलणाऱ्यांना एखादी गोष्ट मनापासून आवडली की त्यांच्या बोलण्यात असं कुठंतरी लागतं, खुपतं, मोडतं. संपतनं मान डोलावली आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "म्हंजे आदी विमा काढायचा, मग कौतुक करायचं!"

*

त्या दिवशी सगळा वर्ग हसला. हसला नाही एकच माणूस, शेवटच्या बाकावरचे सुभेदार अण्णा.

अण्णा आमचे विद्यार्थी नव्हेत. विद्यार्थिनी त्यांची सून, संगीता. नवरा फौजेत, लांब सरहद्दीकडे. मेढ्याजवळ गाव. तिथून अण्णा तिला स्कूटरवर बसवून पावसापाण्यात क्लासला आणायचे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही बाहेर बसा ना."

"भायेर कुठं? पाऊस हाय," म्हणाले आणि शेवटच्या बाकावर ताठ बसले. त्या दिवसापासून तो बाक त्यांचा. लिहायचं नाही, बोलायचं नाही. ऐकायचं मात्र सगळं.

संगीताचं बी.ए. लग्नात अर्धवट सुटलं होतं. आता महाबळेश्वरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला जागा होती. हॉटेलची गाडी मेढ्यापर्यंत न्यायला-सोडायला येणार होती. पण भावकीत कुजबुज सुरू झाली, "सुभेदाराची सून हाटेलात?" अण्णांनी कुणाला उत्तर दिलं नाही. सुनेला एवढंच विचारलं, "हाटेलात इंग्रजी लागतं का?" लागतं म्हटल्यावर स्कूटर काढली ती थेट आमच्या क्लासपाशी थांबवली.

"मॅडम, मुलाखतीत मी नापास झाले तर भावकी हसायला टपल्याली हाय," संगीता मला एकदा म्हणाली. "मला हसली तर हसू दे. पर अण्णांना रोज त्याच पारावर बसायचंय ना!" मग जरा थांबून म्हणाली, "आन् अण्णांनी एकदा तरी 'चांगलं केलंस' म्हणावं, असं लय वाटतं."

ते मात्र अवघड होतं. मुलाला हवालदारपदी बढती मिळाली तेव्हा त्यानं तिकडून आनंदानं फोन केला. अण्णा म्हणाले, "बरं. बूट पॉलिश करत जा." आणि फोन ठेवला!

"दिवसभर खूश हुते," संगीता म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"जेवताना भाकरी जास्त खाल्ली की!"

*

आपल्याकडे तोंडावर कौतुक करायची पद्धतच नाही. फार आवडलं तर 'बरं हाय'. अगदी उतू गेलं तर 'काय वाईट न्हाई'. अशा माणसांच्या तोंडी 'अमेझिंग' आणि 'फँटॅस्टिक' बसवायचं म्हणजे सराव हवा. म्हणून मी गृहपाठ दिला, रोज एकाचं तोंडावर, मोठ्यानं, इंग्रजीत कौतुक करायचं.

पहिला बळी म्हसवडला गेला.

तानाजी साताऱ्यात मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला. सुट्टीला म्हसवडला गेला. चुलत्याच्या दावणीला खिलार बैल, पांढराशुभ्र, शिंगं अशी की बघत राहावं. तानाजीनं बैलाभोवती एक फेरी मारली आणि गृहपाठ सोडवला.

"आप्पा, आय ॲम ब्लोन अवे! काय जनावर हाय! उभ्या म्हसवडात असा बैल न्हाई!"

चुलत्याचा चेहराच उतरला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बैलानं वैरणीला तोंड लावलं नाही!

मग काय, चुलतीनं मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, बैलावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळून घरभर ठसका लागला, तर दृष्ट नव्हतीच. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर. हा हिशेब आमच्याकडे शाळेत न जाता पाठ होतो.

"मग? लागला ठसका?" अख्ख्या वर्गानं विचारलं.

"कसला ठसका! एवढ्या मिरच्या जळल्या, पर एक माणूस खोकंना!"

संध्याकाळी बैल वैरण खायला लागला. पण तानाजीला गोठ्याची बंदी झाली. चुलता म्हणाला, "आत यायचं आसंल तर तोंडाला रुमाल बांधून ये. तुजं इंग्रजी भायेर ठिव!"

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला. अण्णा वर्गात पहिल्यांदाच बोलले.

"दृष्ट कुणी काढली?"

"चुलतीनं."

"हं. बाईमाणसाचंच काम त्ये," म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

*

दुसरा बळी आमचे कुलकर्णी. मूळचे वाईचे, साताऱ्यात मेडिकलचं दुकान. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली. बायकोच्या स्वयंपाकाबद्दल आजवर एकच वाक्य बोललेले, "मीठ जरा..."

त्या दिवशी आमटीचा पहिला भुरका मारला, डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आय ॲम स्पीचलेस!"

वहिनींनी हातातली पळी टाकली, गॅस बंद केला, रिक्षा बोलावली. वाटेत कुलकर्णी ओरडून सांगत होते, "अगं, कौतुक आहे ते!" वहिनी म्हणाल्या, "बोलू नका, दम लागेल!"

डॉक्टरांनी ईसीजी काढला. पट्टी नीट पाहिली आणि खूश होऊन म्हणाले, "एक्सलंट! वंडरफुल! इन्क्रेडिबल!"

वहिनींनी डॉक्टरांकडे रोखून पाहिलं. "तुम्हीही त्याच क्लासला जाता का?"

*

खरे इंग्रजी बोलणारे भेटले ते संपतला.

एक म्हातारं इंग्रज जोडपं त्याच्या गाडीत बसलं. संपतनं दार उघडलं, दोघं म्हणाली, "ब्रिलियंट!" चहा आणून दिला, "अमेझिंग!" माकडानं बाईंच्या हातातलं कणीस पळवलं, "ओ, लव्हली!" दुपारपर्यंत संपतला त्या शब्दांचं काही वाटेनासं झालं.

मग एका पॉइंटवर पोचले. नुसतं धुकं. समोर काही म्हणजे काही दिसेना. जोडपं कठड्याशी उभं राहिलं, आणि अचानक धुकं सरकलं. खाली सगळी दरी हिरवीगार, कड्यावरून पांढरे धबधबे, मधूनच ऊन. संपत वाट बघत उभा, की आता बाबाचा जबडा पडतोय, का श्वास जातोय!

म्हातारा काहीच बोलला नाही. बाईपण गप्प. बऱ्याच वेळानं म्हातारा चष्मा पुसत एवढंच म्हणाला, "नॉट बॅड."

वर्गात हे सांगताना संपतला राग आवरत नव्हता. "आपल्या महाबळेश्वरला नॉट बॅड? मॅडम, चहाला अमेझिंग, माकडाला लव्हली, आन् एवढ्या दरीला नॉट बॅड?"

मी समजवायला तोंड उघडणार, तोच मागून अण्णा म्हणाले, "संपत, गप. गडी आपल्याकडचाच हाय."

वर्ग हसून लोटपोट झाला. आणि खरंच, ते जोडपं पुढं आठवडाभर रोज त्याच पॉइंटवर गेलं. संपतचीच गाडी घेऊन!

*

मुलाखतीच्या आधी आम्ही वर्गात रंगीत तालीम घेतली. संगीता माझ्या टेबलामागे रिसेप्शनिस्ट म्हणून उभी राहिली. गिऱ्हाईक कोण होणार? सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. अण्णा उठले, टोपी नीट केली आणि टेबलासमोर येऊन खाडकन उभे राहिले.

"रूम नंबर फोर! गरम पाणी न्हाई! टॉवेल ओला! मॅनेजर को बुलाओ!"

आवाज असा, की खालून झेरॉक्सवाला वर बघायला आला. संगीता क्षणभर गडबडली. घरात ज्या माणसासमोर डोक्यावरचा पदर सरकू दिला नाही, तोच समोर उभा! पण मग तिनं सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि स्वच्छ इंग्रजीत माफी मागितली. पाणी दहा मिनिटांत येईल, टॉवेल आत्ता येईल, तोवर चहा घ्या म्हणाली. तानाजीनं टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

अण्णा म्हणाले, "चहात साखर कमी," आणि बाकावर जाऊन बसले.

*

आता शेवटचा. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी संगीतानं कंदी पेढे वाटता वाटता सांगितला तो. ती सांगत होती तेव्हा अण्णा शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होते.

महाबळेश्वरला धो धो पाऊस. मॅनेजर पुण्याचा, हुशार. सगळं नीट चाललं होतं. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कुणामुळे इम्प्रेस झालात? एका माणसाबद्दल सांगा."

हा प्रश्न येणार हे आम्हाला माहीत होतं. एका थोर पुढाऱ्यावर मीच उत्तर पाठ करून घेतलं होतं. संगीतानं तोंड उघडलं आणि काचेच्या दारातून तिला बाहेरचे अण्णा दिसले. मऊ सोफा मिळूनही पाठ न टेकता बसलेले. तिचा ओला रेनकोट मांडीवर धरून. धोतर भिजलं तरी रेनकोट खाली न ठेवता.

पाठ केलेलं सगळं गेलं! ती म्हणाली, "माय फादर-इन-लॉ. ही इज आउटसाइड."

मग मोडक्यातोडक्या का होईना, पण स्वतःच्या इंग्रजीत तिनं सांगितलं. ते मला कधी चांगलं म्हणालेले नाहीत. पण एवढ्या पावसात माझा एकही क्लास चुकू दिला नाही. लोक बोलले ते त्यांनी स्वतः ऐकून घेतलं, माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. क्लासमध्ये शिकवलंय, की माणूस आवडला की जबडा पडतो.

"माय जॉ डज नॉट ड्रॉप, सर," ती म्हणाली. "आय स्टडी."

मॅनेजरनं समोरची फाइल मिटली. म्हणाला, "एक तारखेपासून या." आणि उठून बाहेर गेला, अण्णांचा हात हातात घेतला आणि सून आत काय काय बोलली ते सगळं त्यांना मराठीत सांगितलं.

अण्णांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं."

घाट उतरेपर्यंत एक शब्द नाही. मागे बसून संगीताचा जीव वरखाली. घरातलं मी परक्या माणसापुढं बोलले, अण्णांना राग आला असणार! मेढ्यात अण्णांनी स्कूटर थांबवली, दुकानातून लाल मिरच्यांचा पुडा घेतला.

"अण्णा, मिरच्या घरात हायत की."

"असू दे."

घरी गेल्यावर आधी सासूबाईंना हाक मारली. "पाट मांड. मीठ-मोहरी आण. हिला बसव."

सासूबाईंना काही उमगेना. मग उमगलं. "आवं, द्या इकडं, मी काढते की!"

"तू थांब."

सगळ्या हयातीत अण्णांनी कुणाची दृष्ट काढली नव्हती. दोन्ही मुठी भरून घेतल्या आणि सुनेवरून उतरवायला लागले, आवाज परेडचा. "आल्याची, गेल्याची, भावकीची, पारावरच्यांची, त्या म्यानेजरची..." जरा थांबले. मग हळूच म्हणाले, "आन् माजी."

आणि अख्खा पुडा चुलीत!

धूर असा उठला, की सासूबाई पदरानं तोंड दाबून अंगणात पळाल्या. संगीता खोकून खोकून पाटावरून उठली. शेजारची भावकी धावत आली आणि दारातच शिंकायला लागली, "आवं, काय पेटलंय?"

चुलीपुढे अण्णा एकटेच ताठ उभे. खोकून छाती फुटायची वेळ आलेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय, आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडतायत,

"बघा! जरा बी ठसका न्हाई! लय जबर लागल्याली!"