घरी भेटायला येऊ नये

नोकरीत हाताळलेले बरेच तपास आता धूसर झाले आहेत. निवृत्तीनंतर, अंगावर गणवेश नसताना, परक्या मुलखात केलेला हा एक मात्र पाठ सोडत नाही.

कोविडच्या पहिल्या वर्षी मी डब्लिनजवळ ओंगारला मुलीकडे अडकून पडलो होतो. शेजारी एका अरब देशातून परागंदा झालेला संपादक राहायचा. त्याच्या देशात पत्रकारांच्या आणि पुढाऱ्यांच्या राजकीय हत्या नित्याच्याच झाल्या होत्या. त्याचं वर्तमानपत्र तिकडे बंद पाडलं, तेव्हा इथल्या वरच्या छोट्या खोलीतून तो ते इंटरनेटवर काढू लागला. बातम्या पाठवायचा तिकडेच लपून राहिलेला त्याचा जुना सहकारी. कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून आमच्या गप्पा चालत. पोलीस आणि पत्रकार, दोघांनाही दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय अन्न पचत नाही.

हिवाळ्यात त्या सहकाऱ्याची आई वारली. तो लपल्या जागेहून भावाच्या घरी आला आणि दारातच त्याला गोळ्या घातल्या.

संपादकाचा संशय सहकाऱ्याला गाडीतून तिथे घेऊन आलेल्या ड्रायव्हरवर होता. लपण्याची जागा त्या एकट्यालाच ठाऊक होती, आणि तो अंगावर ओरखडाही न उठता सुटला होता. फितूर म्हणून त्याचं नाव दुसऱ्या दिवशी छापायचं ठरलं होतं. तिकडे असं नाव छापून येणं म्हणजे फाशीच.

"जबाब घेतल्याशिवाय आरोपपत्र नाही," मी म्हणालो. "दोन दिवस थांबा."

व्हिडिओ कॉलवर मी ड्रायव्हरची चौकशी केली. दुभाषा म्हणून खुद्द फिर्यादीच बसला होता. खोटं बोलणारा माणूस तपशील फार पुरवतो. हा काहीच पुरवत नव्हता. "मी त्यांना जाऊ नका म्हणत होतो," एवढंच तो रडत सांगत राहिला. मला एक गोष्ट खटकत होती. ड्रायव्हर फितूर असता तर मारेकरी त्या आडजागीच गेले असते. भावाच्या दारात, चारचौघांदेखत कशाला? त्यांना लपण्याची जागा माहीतच नव्हती. तो भावाकडे येणार, एवढंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळीतल्या एका म्हातारीची अंत्ययात्रा होती. घरी जायला बंदी, म्हणून सगळे रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभे राहिले आणि शववाहिका सावकाश पुढून गेली. इतक्या जणांना वेळ कशी कळली, असं मी मुलीला विचारलं.

"बाबा, इथे डेथ नोटीस येते ना, रेडिओवर, वेबसाइटवर. रूट, टाइम सगळं असतं. फक्त खाली 'हाउस प्रायव्हेट' लिहितात. म्हणजे घरी भेटायला येऊ नये."

पलीकडे संपादक उभा होता. तुमच्याकडे काय पद्धत, असं मी त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे वर्तमानपत्रात देतात. सांत्वनाला घरचे लोक कोणाकडे बसणार, तेही त्यात असतं. बोलता बोलता तो थांबला.

"त्याच्या आईची नोटीस मीच छापली," तो म्हणाला. "भावाच्या पत्त्यासकट. न छापणं म्हणजे घराण्याचा अपमान."

पुढे काही विचारायची गरज नव्हती. फरारी आरोपी एक वेळ बायकोला भेटायला येणार नाही, पण आईच्या दहाव्याला येतोच, हे आमच्या खात्यातला नवा शिपाईही जाणतो. साध्या वेशात मी स्वतः घाटावर सापळे लावले आहेत. मारेकऱ्यांनी तेच केलं होतं, हे मी त्याला सांगून टाकलं. सांगताना फार जड गेलं.

ड्रायव्हरचं नाव त्याने छापलं नाही. त्या जागी स्वतःचं छापलं.

माणूस लोभापायी सापडतो, असं मी नोकरीभर मानत आलो. पुष्कळदा तो त्याच्यात उरलेल्या मायेपायी सापडतो, हे या तपासाने शिकवलं. शिकून आनंद झाला नाही.

मी भारतात परतायच्या आदल्या दिवशी तो कुंपणापाशी आला.

"घाटावर त्या माणसाला तुम्ही केव्हा धरायचात?"

"विधी पुरा झाल्यावर," मी म्हणालो. "आईला पाणी देऊन होईपर्यंत थांबायचो."

त्याने मान हलवली. "माझ्या माणसाला त्यांनी उंबरठाही ओलांडू दिला नाही," म्हणाला आणि घरात गेला.