उसना नाताळ

चष्मा कपाळावर सरकला की आम्ही ओळखायचो, आता काहीतरी निघणार. "ताई, हे आपलं नाही बरं का, उसनं आहे," असं म्हणून सर सुरू व्हायचे. मग विषय समोशाचा असो, नाहीतर सदऱ्याच्या बटणाचा.

दिल्लीत आमच्या सरकारी कार्यालयाचं ग्रंथालय ते सांभाळत. नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती, तीस वर्षं दिल्लीत. मी नागपूरहून बदली होऊन आले तेव्हा त्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दुपारचा डबा ग्रंथालयात. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याला चहा घेणार का विचारलं की तो चहाचं रोप कुठून आलं ते सांगतो.

डिसेंबर लागला की ते विशेष खुलायचे.

"पंचवीस तारीख बायबलात कुठे आहे, दाखवा. नाहीच! रोममध्ये याच दिवसांत सूर्याचा सण असायचा. दिवस मोठा व्हायला लागतो ना, म्हणून. त्याच्या आसपास मालक नोकरांना पंगतीला बसवायचे, लोक एकमेकांना भेटी द्यायचे. आमच्या ख्रिस्ती लोकांनी तोच दिवस घेतला असं म्हणतात. नक्की कोणालाच ठाऊक नाही."

"आणि झाड?"

"ते उत्तरेकडच्या थंड मुलखातलं, ख्रिस्ती होण्याआधीच्या लोकांचं. आपल्या नगरला कुठला आलाय बर्फ?" मग डब्यातली करंजी वर धरून म्हणायचे, "आणि ही दिवाळीची. आजोबांनी धर्म बदलला, आजीने सारण बदललं नाही." स्वतःच्याच बोलण्यावर ठसका लागेपर्यंत हसायचे.

एकदा मलाच विचारलं, "तुमच्या घरातून बौद्ध दीक्षेनंतर देव गेले. अनारसे गेले का?"

"नाही हो सर. आई अजून करते."

"मग!" एवढंच म्हणाले, आणि खूश होऊन जेवायला लागले.

दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची उपासना एका चर्चमागच्या हॉलमध्ये होत असे. तिथे नाताळचं झाड सजवायचा मान एका मावशींचा. मूळच्या जालन्याच्या, सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स, करोल बागेत एकट्या राहणाऱ्या. झाड म्हणजे त्यांच्याच बाल्कनीत कुंडीत वाढलेली मोरपंखी. तिच्यावर बर्फ म्हणून नीट पिंजलेला कापूस आणि वर्तमानपत्रात गुंडाळून जपलेले काचेचे गोळे. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा त्यांनी झाड चुकवलं नव्हतं.

एका वर्षी तिथे तरुण पाळक आले. माणूस भला, पण नवा. सरांनी तरुण मंडळींसमोर आपलं नेहमीचं भाषण रंगवून केलं आणि पाळकांनी ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, "आपल्याच भाऊंनी समजावून सांगितलंय, झाड सूर्यपूजकांचं आहे. यंदापासून झाड नको."

मावशी उठल्या. गोळ्यांचा खोका उचलून घरी गेल्या. नंतर गाण्याच्या सरावालाही फिरकल्या नाहीत.

हे सांगताना सरांनी डबा उघडलाच नव्हता. "मी गंमत सांगत होतो हो, ताई. त्यांच्या हातून झाड काढून घेतील, असं वाटलं नव्हतं."

"मग पाळकांशी बोला ना."

"बोललो. ते म्हणाले, तुम्ही सांगितलंत ते खोटं होतं का? खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत आहे."

चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "रविवारी येता का? मला सगळ्यांसमोर बोलायचंय, आणि एकट्याने नको वाटतंय." मी गेले.

सर उभे राहिले. एरवी अर्धा तास बोलणारा माणूस, त्या दिवशी एकेक वाक्य शोधत होता.

"मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. झाड कुठून आलं ते सांगितलं, माणसांनी ते घरात का आणलं ते राहून गेलं. बाहेर अंधार, थंडी, सगळं वाळून गेलेलं. म्हणून कुणीतरी एक हिरवी फांदी घरात आणली असेल. यात चुकीचं काय आहे? आपल्या मावशींनी नवऱ्याला माती दिली आणि त्याच आठवड्यात झाडाला कापूस लावला. तेव्हा त्या सूर्याची पूजा करत होत्या का?" मग पाळकांकडे वळून म्हणाले, "उसनं म्हणून झाड काढायचं, तर तारीखही काढू. आणि करंज्याही."

मागच्या टेबलावर करंज्यांची परात होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. पाळकही हसले. मग उठून म्हणाले, "चला, मावशींना आणू या. मीही येतो."

आम्ही तिघं ऑटोने करोल बागेत गेलो. मावशींनी दार उघडताच सरांनी हात जोडले. "मावशी, माझं चुकलं."

मावशींनी त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "चुकलं नाही रे. तू बोलतोस फार." आणि पाळकांना म्हणाल्या, "साहेब, चहा घेणार ना?"

चहानंतर त्यांनी खोका बाहेर काढला. मोरपंखीची कुंडी बाल्कनीतून उचलायचं काम अर्थातच सरांकडे आलं. पाळक मागून मेट्रोने आले. ऑटोत कुंडी सरांच्या मांडीवर, फांद्या त्यांच्या नाकात. सिग्नलला ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "बाबूजी, ये कौन सा पेड़ है?"

सरांचा हात चष्म्याकडे गेला. मावशींनी नुसतं पाहिलं.

"मोरपंखी है, भैया," सर म्हणाले आणि तोंड मिटून बसले. मावशी बाहेरच्या बाजूला तोंड करून हसत होत्या.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले आणि त्याच नोव्हेंबरात छातीच्या दुखण्याने गेले. मी तेव्हा बदली होऊन परत नागपूरला होते. नाताळच्या आदल्या दिवशी दिल्लीला आले आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, तर वहिनी चकल्या तळत होत्या. "यंदा काही करायचं नव्हतं. पण लोक भेटायला येतील ना," म्हणाल्या.

मी पाणी पीत होते तेवढ्यात दाराशी खडखड झाली. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बाई स्टुलावर चढून चौकटीला काहीतरी बांधत होत्या. दिवाळीचा आकाशकंदील, एका बाजूला कागद जरा फाटलेला.

"ढंग का सितारा नहीं मिला बाज़ार में," त्या वहिनींना म्हणाल्या. "भाईसाहब के दरवाज़े पर अंधेरा अच्छा नहीं लग रहा था. ये चलेगा न?"

वहिनी झारा हातात घेऊनच दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी वर कंदिलाकडे पाहिलं.

"बिल्कुल चलेगा," त्या म्हणाल्या आणि स्वतः दिव्याचं बटण दाबलं.