पितृपंधरवड्यातली रायफल

हॉलंडमध्ये खाजगी माणसाकडून जुनी रायफल घ्यायला जाणं म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो, आणि त्यात बघितलं जातं ते आपल्याला. मी आयुष्यात कधी नकार पचवला नव्हता, कारण मुळात लग्न जमवून केलं नाही. ती कसर दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात डच नेमबाजांनी भरून काढली.

पहिला द हेगचा. निवृत्त, नीटनेटका, टाय लावलेला. कॉफी दिली, डब्यातून एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. मग तासभर चौकशी. किती दिवस नेम धरता, कुठल्या क्लबात, घरी कोण कोण आहे, तुम्ही रागीट आहात का. रागीट आहात का, असं विचारल्यावर मला राग आला. तो त्याला दिसला. रायफल न दाखवताच त्याने माझा कोट आणून दिला.

दुसरा आम्स्टरडॅमला, स्लोटरडाइक भागातल्या ऑफिसांपलीकडच्या एका फ्लॅटमध्ये राहणारा. त्याने रायफल तरी दाखवली. मी नळीतून उजेडाकडे बघितलं आणि "थोडा गंज दिसतोय" म्हणालो. गंज नव्हता. पण पुण्यात वस्तूत खोट काढल्याशिवाय बोलणी सुरू होत नाहीत, आणि माझी जीभ सवयीने बोलून गेली. त्याने रायफल कापडात गुंडाळली आणि दार उघडून उभा राहिला. आइंडहोवनपर्यंतच्या गाडीत मी स्वतःला शिव्या देत बसलो होतो.

मी तेव्हा आइंडहोवनला लागून असलेल्या बेस्ट नावाच्या गावात राहत होतो. यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचो. माझ्यासारख्या माणसाला रायफल कशाला हवी, हे बायकोने मला बऱ्याचदा विचारलं आणि मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर एकच होतं. माझे बाबा साताऱ्याजवळच्या एका शाळेत पी.टी.चे मास्तर होते, आणि शाळेचं एन.सी.सी. त्यांच्याकडे होतं. पॉइंट टू-टू रायफल त्यांनीच माझ्या हातात दिली. "अर्धा श्वास सोड, अर्धा ठेव. चाप ओढायचा नाही, दाबत राहायचा. गोळी सुटल्याचं तुझं तुलाच नवल वाटलं पाहिजे." रायफली सरकारी. सराव संपला की मोजून परत जायच्या. स्वतःची एक असावी असं त्यांना फार वाटायचं, पण मास्तरच्या पगारात आणि परवान्यांच्या खेट्यांत ते राहून गेलं. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्र म्हणून पाटावर त्यांची शिट्टी आणि स्टॉपवॉच असायचं. आम्ही भावंडं हसायचो. ते मात्र शिट्टीला गंभीरपणे हळदकुंकू लावायचे.

बाबा गेले तेव्हा मी विमानात होतो. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. परत आल्यावर पहिल्याच महिन्यात मी नेमबाजीच्या क्लबचा सभासद झालो. म्हणजे त्यांची राहिलेली रायफल मला घ्यायची होती, एवढं साधं ते होतं, आणि एवढं साधं मला कुणाला सांगता येत नव्हतं.

इथे पैसे टाकले आणि बंदूक उचलली असं चालत नाही, आणि ते योग्यच आहे. वर्षभर क्लबात नियमित यायचं, सेक्रेटरीची सही घ्यायची, पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मग पोलीस घरी येऊन लोखंडी तिजोरी भिंतीला पक्की आहे ना, हे हलवून बघतो. आमच्याकडे आलेल्याला बायकोने चहा आणि चिवडा दिला. त्याने चिवड्यातले शेंगदाणे तेवढे खाल्ले आणि तिजोरी पास केली. आता एखादी रायफल ठरवायची, तिचा नंबर अर्जात भरायचा, पोलिसांचा शिक्का घ्यायचा आणि मग ती घरी आणायची, एवढंच उरलं होतं.

सप्टेंबरात क्लबच्या फळ्यावर हाताने लिहिलेलं कार्ड दिसलं. 'लहान बोअरची, पॉइंट टू-टू रायफल. एकच मालक. नेम धरणाऱ्यालाच मिळेल.'

म्हातारा बेस्टच्या बाहेरच्या एका खेड्यात एकटा राहायचा. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेली, हात फावड्याएवढे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचा फोटो कपाटावर होता आणि त्यापुढे ताजी फुलं. त्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता. "मला कागद दिसतो," तो म्हणाला, "मधला काळा गोल दिसत नाही. नेमबाजाने घरी बसायला एवढं पुरे." स्वयंपाकघराच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून त्यावर त्याने रायफल ठेवली होती. अक्रोडाचा दस्ता गालाच्या जागी काळपट गुळगुळीत झाला होता. या वेळी मी गंजाचं नाव काढलं नाही. जीभ दाताखाली धरली म्हटलं तरी चालेल.

दोन दिवसांनी त्याने मला क्लबात त्याच रायफलीवर दहा गोळ्या मारायला लावल्या. कागद त्याने बघितलाच नाही, दिसलाही नसता. माझ्या खांद्याशी कान आणून तो माझा श्वास ऐकत होता.

"अर्धा ठेवतोस," तो म्हणाला. "कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"आहेत?"

"नाहीत."

त्याने मान हलवली. "शनिवारी घरी ये. कागद करू."

मी पास झालो होतो. सायकलवरून घरी येताना मी शिट्टी वाजवत होतो. मला शिट्टी नीट वाजवता येत नाही, पण त्या दिवशी वाजली.

शनिवारी सकाळी निघायच्या आधी आईचा पुण्याहून फोन आला. मी आनंदाने बातमी सांगितली.

"अरे, पक्ष सुरू आहे. पुढच्या शनिवारी ह्यांची तिथी. पक्षात नवीन काही घरात आणू नये, आणि शस्त्र तर नाहीच नाही."

"आई, नवीन कुठे? चाळीस वर्षांची जुनी आहे."

"तुला नवीनच ना? घट बसू देत, मग आण. दसऱ्याला छान पूजा कर. त्यांना बरं वाटेल."

मी हे असलं मानत नाही. असं मी कॉलेजपासून सांगत आलो होतो. पण 'त्यांना बरं वाटेल' म्हटल्यावर मी हो म्हणून फोन ठेवला.

म्हाताऱ्याने सगळी तयारी करून ठेवली होती. रायफलीचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला, शेजारी पेन. "सोमवारी पोलिसांकडे दे," तो म्हणाला. "आठवड्याभरात होईल. वृद्धाश्रमातून मला कधीही फोन येईल. खोली मिळाली की मी निघणार, आणि ही माझ्याआधी घराबाहेर पडली पाहिजे."

"आणि तोवर गेली नाही तर?"

"पोलिसांकडे जमा. ते वितळवतात."

"दुकानदार घेणार नाही?"

"घेईल. कुणाच्या तरी भिंतीवर टांगायला विकेल. त्यापेक्षा वितळलेली बरी."

हे सगळं मी ऐकलं. कानांत बोळे घातले नव्हते. तरी पेन उचललं नाही. दोन आठवड्यांत काय होतंय, असं वाटलं. सरकारी खोली, मिळेल तेव्हा मिळेल. आपल्याकडे कधी वेळेवर मिळते? आणि खरं कारण सांगायचं धाडस होईना. क्लबात वर्षभर मी फक्त एक नेमबाज म्हणून राहायची धडपड केली होती. तुम्ही गाईची पूजा करता का, हत्तीवरून शाळेत जायचात का, असल्या प्रश्नांना हसून उत्तरं देऊन देऊन आता कुठे लोक मला गोळ्यांच्या दर्जाबद्दल विचारू लागले होते. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाला, आमचे मेलेले लोक या पंधरवड्यात जेवायला येतात, असं कुठल्या तोंडाने सांगू?

"मला जरा विचार करायला वेळ द्या," मी म्हणालो. "दोन-तीन आठवडे. मग बघू."

"काही आवडलं नाही?"

"नाही, तसं नाही. घरचं थोडं आहे."

"बरं," तो म्हणाला. पेनाला टोपण लावलं आणि कागदाची चार घड्यांची घडी केली.

घरी आल्यावर बायकोने डोक्याला हात लावला. "अरे, फॉर्म तर भरायचास. रायफल नंतर आणता आली असती."

"सही केली म्हणजे घेतलीच की."

"मग त्यांना कारण तरी सांगायचंस."

"तुला काय जातं बोलायला," असं मी तिच्यावर खेकसलो. ती बरोबर बोलत होती, म्हणूनच खेकसलो.

तिथीला आम्ही खीर आणि वडे केले. केळीचं पान मिळणं शक्य नव्हतं, म्हणून कागदी ताटलीत वाढून मागच्या बागेत ठेवलं. इथले राखाडी मानेचे छोटे कावळे आमची वाटच बघत असल्यासारखे उतरले. बाबांना कशासाठीच ताटकळत ठेवायला आवडायचं नाही. मला मनापासून हलकं वाटलं. आता दसऱ्याला रायफल, असं मी त्या कावळ्यांसमोर मनात म्हणूनही टाकलं.

घट बसले त्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून लवकर निघून, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन मी म्हाताऱ्याच्या घरी गेलो. दार त्याच्या मुलीने उघडलं. आत भिंतींवर फोटोंच्या जागी चौकोनी डाग होते. टेबल गेलं होतं. खोली मिळाल्याचा फोन नऊ दिवसांपूर्वी आला आणि शनिवारी बाबा तिकडे राहायला गेले, असं तिने सांगितलं.

मी तसाच वृद्धाश्रमात गेलो. तो खिडकीशी बसला होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "बुधवारी दिली. काउंटरवरच्या बाईने पावती दिली."

"मला फोन का नाही केलात?"

"तू बघू म्हणालास. इथे माणसाला हवं असलं की तो हो म्हणतो. तुला नको होती आणि तोंडावर सांगवत नव्हतं, असं मी समजलो. फोन करून तुला आणखी अवघडून टाकायचं नव्हतं." मग थोडं थांबून, "किंमत जास्त वाटली का?"

तेव्हा मी सांगितलं. बाबा, त्यांची राहिलेली रायफल, आईचा फोन, पंधरवडा, खीर, कावळे, सगळं. मोडक्यातोडक्या डचमध्ये, मान खाली घालून. हसला तर लाडवांचा डबा तिथेच ठेवून निघायचं, असं ठरवलं होतं.

तो हसला नाही. माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला, बघत राहिला. त्याला तसंच दिसायचं.

"पंधरा दिवस?" तो म्हणाला. "तुमच्या मेलेल्यांना पंधरा दिवस असतात?"

"हो."

"आम्हाला एकच असतो. दोन नोव्हेंबर. त्या दिवशी मी बायकोकडे जातो, आणि कुणी कितीही पैसे दिले तरी दुसऱ्या कामाला हात लावत नाही." त्याने डोळे पुसले. ते एरवीही पाणावायचे, म्हणून मला नक्की सांगता येणार नाही. "सांगायचं होतंस. मी ती क्लबाच्या तिजोरीत ठेवायची सोय केली असती. दोन आठवडे म्हणजे काय?"

दुसऱ्या दिवशी मी पोलिसांना फोन केला. जमा केलेलं हत्यार परत मिळत नाही, असं त्यांनी अतिशय सौजन्याने सांगितलं.

वृद्धाश्रमातून निघताना म्हाताऱ्याने मला कपाटाच्या खणातून रायफलीचा चामडी पट्टा काढून दिला होता. नेम धरताना दंडाला बांधायचा, घामाने काळा झालेला. त्याला परवाना लागत नाही. त्या खंडेनवमीला मी पाटावर तो पट्टा ठेवला, हळदकुंकू लावलं, झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंतीचं फूल वाहिलं. पोलिसांनी पास केलेली तिजोरी मागे रिकामी उभी होती.

दसऱ्याला आईचा फोन आला. "झाली का रे पूजा? आणलीस का?"

"नाही मिळाली आई. दुसरी बघू."

"असू दे. पक्षात घेतली नाहीस, हे बरं केलंस." मी हो म्हणालो. तिला दुसरं काय सांगणार होतो?

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. पलीकडे म्हातारा होता. नमस्कारचमत्कार न करता सरळ मुद्द्यावर आला.

"दोन तारखेला मुलीला सुट्टी नाही. मला चर्चमागच्या दफनभूमीत जायचंय. नेशील?"

"हो," मी म्हणालो. किती वाजता, ते नंतर विचारलं.